पिठाच्या पोत्यांशेजारचे डबे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आज कीटकनाशक कायद्याबद्दल बोलायचंय. पण आधी एक हकीकत ऐका. मी ती दरवेळी सांगतो, कारण हा कायदा तिच्यातूनच जन्माला आला.

साल १९५८, एप्रिल-मे महिने. एका जहाजात पिठाची पोती होती, साखर होती आणि त्यांच्याच शेजारी फॉलिडॉलचे डबे. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन, थेट मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष. वाटेत डबे गळले. विष पोत्यांत झिरपलं. माल केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पोचला, तिथून दुकानांत, तिथून घरांत. लोकांनी विश्वासानं पीठ घेतलं, विश्वासानं खाल्लं. शंभरावर माणसं दगावली. शंभरावर! यातल्या किती जणांनी आयुष्यात फवारणीचा पंप खांद्याला लावला असेल?

सरकारनं न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला. कायदा मात्र आला १९६८ साली. दहा वर्षं गेली मधे, ती मला अजून बोचतात. नियम तर १९७१चे.

त्या नियमांत स्पष्ट आहे: कीटकनाशक खाण्याच्या वस्तूंना किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल असं ठेवायचं नाही, न्यायचंही नाही. पुन्हा सांगतो, ठेवायचंही नाही, न्यायचंही नाही. म्हणजे बाजाराच्या पिशवीत किराणा आणि फवारणीची बाटली एकत्र नको.

आणि हो, आपण त्याला ‘औषध’ म्हणतो ना, ते सोडा. ‘औषध मारायचंय’ असं घरात बोललं की लहान पोराला ती बाटली खोकल्याच्या बाटलीसारखीच वाटते. विषाला विष म्हणा.

बाटली हातात घ्या. लेबलावर कोनावर उभा केलेला चौकोन दिसेल. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तेही विषच. सोबतची घडीपत्रिका फेकू नका. कोणत्या पिकाला, किती मात्रा, फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, सगळं तिच्यात असतं.

दुकानातून पक्की पावती घ्या, तिच्यावर बॅच नंबर बघा. माल बनावट निघाला तर तक्रारीला तोच कागद लागतो. आणि बाटली रिकामी झाली की फोडून, वस्तीपासून लांब पुरा. धुऊन त्यात तेल भरू नका.