कॅलिफोर्नियाच्या अंगणातील यॅरो

मित्रहो, यॅरो ही फुलांची वनस्पती लावण्यापूर्वी आपल्या मनातले पावसाचे पंचांग बदलावे लागते. मृगाच्या सरी आल्या की रोपे लावायची, ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. कॅलिफोर्नियात मात्र उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो आणि पाऊस पडतो तो मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत, म्हणून यॅरोची लागवड दिवाळीच्या सुमारास करणे उत्तम. तेव्हा लावलेल्या रोपाची मुळे पावसाळी ओलीवर पसरतात आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत रोप जमिनीत चांगले रुजलेले असते.

एप्रिल २०१५ मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला, त्या काळात अनेकांनी अंगणातली हिरवळ काढून टाकली. तिच्या जागी नुसती खडी पसरण्यापेक्षा यॅरो लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण पांढऱ्या फुलांचा त्याचा रानटी प्रकार मुळात याच प्रदेशातला आहे. सूर्यफुलाच्या कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम असे असून ती काश्मीर आणि हिमाचलच्या उंच कुरणांतही आढळते. तिची पाने पिसासारखी बारीक चिरलेली असतात, त्यामुळे बाष्पीभवनाला कमी पृष्ठभाग मिळतो. जमिनीखाली आडवी पसरणारी खोडे तिला टिकवून धरतात आणि त्यांतूनच नवे फुटवे येतात.

आता मुख्य मुद्दा. यॅरो बिघडते ती बहुधा मायेच्या अतिरेकाने. शेणखत आणि नत्र भरपूर मिळाले की दांडे उंच, पोकळ जोमाचे होतात आणि फुले येताच आडवे पडतात. ज्यांचा खत घालणारा हात आवरत नाही त्यांनी खुशाल गुलाब लावावेत. जागा दिवसभर उन्हाची हवी आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. माती चिकण असेल तर उताराची जागा निवडावी किंवा वाफा थोडा उंच करावा. दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. बियांपासून रोपे करायची असतील तर बी मातीवर नुसते दाबावे, वर मातीचा थर देऊ नये, कारण त्याला उगवण्यासाठी प्रकाश लागतो. पहिल्या उन्हाळ्यात वरची माती सुकली की खोलवर पाणी द्यावे. दुष्काळ सोसण्याची ताकद मुळे रुजल्यानंतर येते, हे विसरून पहिल्याच वर्षी पाणी तोडले तर रोप हातचे जाते. पुढच्या वर्षांपासून किनाऱ्याजवळ अगदी थोडे पाणी पुरते, आतल्या तापणाऱ्या खोऱ्यांत मात्र अधूनमधून द्यावे लागते.

सपाट, छत्रीसारख्या फुलोऱ्यावर मधमाश्या, फुलपाखरे आणि मावा या किडीचा फडशा पाडणारे मित्रकीटक येतात, त्यामुळे शेजारच्या भाजीच्या वाफ्यालाही लाभ होतो. पिवळ्या फुलांचा आणि रुपेरी पानांचा ‘मूनशाइन’ हा संकरित वाण रानटी प्रकारापेक्षा कमी पसरतो, म्हणून लहान अंगणाला तो बरा. फुले सुकली की दांडे खालून छाटावेत. दोन-तीन वर्षांनी झुडूप मध्यभागी विरळ होऊ लागले की हिवाळ्याच्या तोंडावर ते उकरून, कडेचे जोमदार तुकडे वेगळे करून पुन्हा लावावेत. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ही जागा त्यांच्यापासून दूर ठेवावी, कारण ही वनस्पती खाल्ल्यास त्यांना बाधते. काहींच्या त्वचेवरही तिच्या स्पर्शाने पुरळ उठते, तेव्हा छाटणी करताना हातमोजे घालावेत.