रक्त कमी नाही, पोहोचत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात मेडिकल असो की मेयो, हृदयविकाराच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलात तर एक वाक्य हमखास कानावर येतं. "बाबाच्या हार्टले रक्त कमी आहे म्हणते डॉक्टर." आणि शेजारच्या बाकावरून लगेच सल्ला, "मग बीट चालू करा ना जी, खजूर द्या."

बीट-खजूर वाईट नाहीत. पण बाबांच्या कागदावर शब्द असतो इस्किमिया, आणि सल्ला मिळतो तो ॲनिमियाचा. ॲनिमियात रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असतं. इस्किमियात हिमोग्लोबिन अगदी 14 असेल, तरी शरीराच्या एखाद्या भागाला हवं तेवढं रक्त मिळत नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आणि स्वयंपाकघरातला पाइप क्षारानं बुजलेला, तशातली ही गत. टाकीत आणखी पाणी ओतून काय होणार?

म्हणून हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारा, कुठला इस्किमिया? हृदयाचा असेल तर जिना चढताना छाती भरून येते. मधुमेह असलेल्यांना कधी कधी तेवढंही कळत नाही. पायाचा असेल तर चालताना पोटरी दुखते आणि दोन मिनिटं थांबलं की दुखणं ओसरतं. यालाच लोक "वय झालं" म्हणून सोडून देतात, तेही बिडी ओढत. आणि इसीजीवर नुसतं 'इस्केमिक चेंजेस' लिहिलं म्हणजे ॲटॅक येऊन गेला असं नव्हे. रक्ताअभावी स्नायूचा तो भाग मेला, तर त्याला इन्फार्क्ट म्हणतात. इस्किमिया ही त्याच्या अलीकडची अवस्था. तिथून परत फिरता येतं.

आपल्या विदर्भात मात्र ॲनिमिया आणि इस्किमिया ही दोन्ही दुखणी एकाच घरात, एकाच लेकरात भेटतात. सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं. त्याच पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्त मिळेनासं होतं. पोरगं हातपाय धरून ओरडतं ते ह्या इस्किमियानं, नाटकं करत नसतं. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात. उन्हाचा पारा चढू लागला की अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली हवीच, आणि वर्गात मध्येच पाणी प्यायची मुभाही. शाळेतल्या गुरुजी-बाईंनी हे मनावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

दुसरा प्रश्न, केव्हापासून? अवयवदानासाठी विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करतात, ग्रीन कॉरिडॉर म्हणतात तो, रक्ताविना अवयव किती वेळ टिकतो याच हिशेबापायी. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार ते सहा तास टिकतं, मूत्रपिंड त्याहून बरंच जास्त. शरीरातल्या मेंदूला एवढी सवलत नाही. पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या इस्किमियाचाच असतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं; तेही आधी सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहून. त्यामुळे तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कांदा हुंगवत बसू नका. 108 ला फोन लावा, आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता ते लक्षात ठेवा. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतील.