शेक संपल्यानंतरचा खोकला

[दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूरच्या या गल्लीत दिवस उजाडतो तो मागांच्या खडखडाटात. इथले एक काका आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात राबले. उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन करून वरचा भाग काढला, मग केमो झाली. कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या होत्या, म्हणून शेकही, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), द्यावा लागला. सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. शेवटच्या दिवशी घरच्यांनी सिद्धरामेश्वरांच्या देवळात नारळ फोडला. सुटलो एकदाचे, असंच सगळ्यांना वाटलं.

दोन महिन्यांनी खोकला सुरू झाला.

कोरडाच, पण थांबायचं नाव नाही. जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण. जवळच्या दवाखान्यातून खोकल्याचं औषध आणलं, मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. कुणी म्हणालं कापसाची धूळ बाधली, कुणी म्हणालं हवा बदलली. शेकाचा विषय कुणी काढलाच नाही. तो संपून दोन महिने झाले होते ना!

ही फिल्म त्या दोन महिन्यांसाठी आहे. छातीवर घेतलेल्या शेकाचा फुफ्फुसाला होणारा त्रास बहुतेक वेळा शेक चालू असताना दिसतच नाही. तो संपल्यावर, एक ते सहा महिन्यांत डोकं वर काढतो. डॉक्टर त्याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात.

[दृश्य: फुफ्फुसाचं ॲनिमेशन.]

फुफ्फुसाच्या आत द्राक्षांच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, पण वाटेतल्या चांगल्या फुग्यांचं अस्तरही दुखावतात. हळूहळू तिथे सूज येते, पाणी झिरपतं आणि रक्तात प्राणवायू कमी जायला लागतो. ज्याचं फुफ्फुस आधीच कापलंय, त्याच्याकडे शिल्लक थोडीच असते. म्हणून दुसऱ्याला जी सूज जाणवणारही नाही, ती त्याला ऑक्सिजनवर नेऊ शकते. अख्खं फुफ्फुस काढलेल्या माणसाला शेक द्यायचा तर उरलेल्या फुफ्फुसावर किती किरण पडतील याची मर्यादा फारच कडक ठेवावी लागते, ती याचसाठी.

[दृश्य: रुग्णालयाचा कॉरिडॉर. बोटाला ऑक्सिमीटर.]

काका खुर्चीत बसलेत. ऑक्सिमीटरवर 96. सिस्टर म्हणतात, "काका, आता त्या टोकापर्यंत जाऊन या." काका जातात, वळतात, भिंतीला हात टेकतात. आकडा 89. बसल्या जागी सगळं ठीक दिसणारा माणूस चालायला लागला की खरी परिस्थिती कळते. ही तपासणी घरीही होते, फक्त चालवून बघायला हवं.

मग सीटी स्कॅन. न्यूमोनियाचा डाग बहुधा फुफ्फुसाच्या नैसर्गिक भागांप्रमाणे पसरतो. इथे मात्र डागाची कड किरणांच्या वाटेने गेलेली दिसते, बऱ्याचदा सरळ रेघेत. पण ती रेघ ओळखायला आधी शेक कुठे दिला होता हे माहीत पाहिजे. शेकाचा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा तो यासाठी: कोणती बाजू, किती ग्रे (हे किरणांचं माप), किती दिवस, शेवटची तारीख. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. आपल्याकडे तर हे जास्तच गरजेचं. एक्स-रेवर डाग आणि संध्याकाळी ताप म्हटलं की टीबीचा संशय येतो, आणि तो यायलाही हवा. बेडक्याची तपासणी करून टीबी आणि इतर जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी बघावंच लागतं. कारण पुढचं औषध स्टेरॉइड आहे, आणि अंगात टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो.

साधारणपणे वजनाच्या दर किलोला 1 मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दोनेक आठवडे. मग ते हळूहळू उतरवत न्यायचं, 6 ते 12 आठवडे. त्रास फारच असेल तर भरती, ऑक्सिजन, शिरेतून स्टेरॉइड. बऱ्याच जणांना चार-आठ दिवसांतच फरक पडतो. आणि खरा धोका तिथेच असतो.

[दृश्य: घर. काकू विड्या वळताहेत.]

काकू सांगतात, "आठ दिवसांत खोकला गेला. हे म्हणाले, बरं वाटायलंय, मग कशाला गोळ्या? दिल्या बंद करून." काकांची धाप परत आली, पहिल्यापेक्षा जोरात. स्टेरॉइड असं एकदम तोडायचंच नसतं. दबलेली सूज उसळते, आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची सवयही तोवर सुटलेली असू शकते. आता काकूंनी कॅलेंडरवर रोजचा डोस लिहिलाय, घेतला की खूण. साखरही मोजतात, कारण या गोळ्यांनी ती चढते. औषध बरेच आठवडे चालणार असेल तर फुफ्फुसाचा एक वेगळा संसर्ग टाळायला डॉक्टर को-ट्रायमोक्साझोलही देतात. ती गोळी फालतू समजून गाळू नका.

अन्ननलिकेचा त्रास वेगळा. तो लवकर येतो, शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. गिळताना छातीत आग होते. सोलापुरी माणसाला सांगायला जड जातं, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढे दिवस बंद. मऊ भात, दुधात कुस्करलेली ताजी भाकरी, वरण, उकडलेलं अंडं, सगळं कोमट. डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी आणि घसा बधिर करणारं औषध देतात. पाणीही गिळवेना किंवा वजन भराभर उतरायला लागलं, तर नाकातून अन्नाची नळी घालून घ्यायला घाबरू नका. तो काही दिवसांचा आधार असतो.

आणि शेक मुळात सगळ्यांना लागतो का? नाही. गाठ पूर्ण निघाली, पण छातीच्या मधल्या ग्रंथींमध्ये कॅन्सर होता, अशा 501 रुग्णांवर युरोपात लंग आर्ट नावाची चाचणी झाली. ती 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. शेक दिल्याने ठोस फायदा दिसला नाही. उलट हृदय-फुफ्फुसाचे उशिरा येणारे गंभीर त्रास शेक घेतलेल्यांत 11 टक्के, न घेतलेल्यांत 5 टक्के. काकांसारखी कापलेली कड कॅन्सरपासून मोकळी नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे शेकाला कारण आहे. पण "माझी कड मोकळी आहे का? मग शेक कशासाठी?" हे विचारणं रुग्णाचा हक्क आहे. आम्ही तर म्हणू, विचाराच.

[दृश्य: रात्र. रुग्णवाहिका.]

दोन गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही. एक, खोकल्यातून भळकन रक्त. दुसरी, अचानक वाटीभर पातळ, गढूळ पाणी खोकल्यातून येणं, आडवं झाल्यावर जास्तच. ऑपरेशनमध्ये श्वासनळीचा शिवलेला भाग शेकामुळे नीट भरला नाही आणि उघडला, की असं होतं. त्यावर छातीत नळी घालावी लागते, काही वेळा पुन्हा ऑपरेशन. दोन्ही वेळी 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला ऑपरेशनच्या कुशीवर झोपवा, ती बाजू खाली. पाठीवर नको, चांगल्या कुशीवर तर नकोच. रक्त किंवा पाणी चांगल्या फुफ्फुसात उतरलं तर श्वास कोंडतो. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून सोलापूर गाठेपर्यंतचा अख्खा रस्ता त्याच कुशीवर, आणि गाडीतल्या माणसालाही ऑपरेशन कुठल्या बाजूचं ते चढतानाच सांगा.