फुकेटमधली चौथी माळ

नमस्कार मंडळी! आज थायलंडच्या फुकेट बेटाबद्दल बोलायचंय, म्हणजे तिथं रात्री काय करायचं आणि काय खायचं याबद्दल. फुकेट म्हटलं की आपल्याकडे लगेच पातोंग बीच, बांगला रोड, डिस्को एवढंच डोळ्यासमोर येतं आणि मग व्हेज खाणारे लोक बॅगेत ठेपले, चटणी, मेतकूट भरायला घेतात. माझ्या आईनेही भरलं होतंच.

झालं असं की 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आमचं जायचं ठरलं, मी, नवरा आणि आई, आणि तिकीटं काढल्यावर लक्षात आलं की अरे नवरात्र आहे. घट दादाकडे बसतात त्यामुळे दिव्याची काळजी नव्हती, आईचे उपास उठता-बसता, पण मधले दिवसही ती कांदा-लसूण खात नाही. आता थायलंडमध्ये, जिथं भाजीतसुद्धा फिश सॉस पडतो, तिथं हिला काय खायला घालायचं या विचाराने मला खरंच झोप नव्हती. पहिली माळ घरी घातली नि दुसऱ्या दिवशी निघालो.

फुकेटला उतरलो तर रस्त्यावर जिकडेतिकडे पिवळ्या पताका! त्यावर लाल रंगात एक अक्षर, आपल्याला ते 17 आकड्यासारखं दिसतं. हॉटेलवाल्या मुलीने सांगितलं की ते 'जे' आहे, आणि सध्या इथे नऊ दिवस शाकाहाराचा उत्सव चालू आहे. मला आधी खरंच वाटेना. चिनी कॅलेंडरच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, नऊ देवांचे. अमावास्या झाली की सुरू, म्हणजे आपलं घटस्थापनेचंच गणित बघा, त्यामुळे कितीतरी वर्षं हे आणि नवरात्र एकत्रच येतात. त्या वर्षी दोन्ही 3 ऑक्टोबरलाच बसले होते. आणि 'जे' म्हणजे नुसतं मांस-मच्छी नाही असं नाही हं, अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! आईला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त हात जोडले.

हे तिथे आलं कुठून, तर चीनमधून आलेल्या लोकांकडून. फुकेटमध्ये पूर्वी कथिलाच्या मोठ्या खाणी होत्या, तिथं हॉक्किएन, म्हणजे दक्षिण चीनमधल्या फुजियानकडचे, चिनी मजूर आणि व्यापारी आले नि तिथलेच झाले, त्यांनी बांधलेली रंगीत जुनी घरं-दुकानं आज फुकेट टाउनमध्ये बघायला मिळतात. त्यांच्या स्वयंपाकाचं मलय आणि थाय चवींशी जे मिश्रण झालं ना, त्यामुळेच युनेस्कोने 2015 मध्ये फुकेटला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं. आणि आपण मात्र पातोंगला उतरून बटर चिकन शोधतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

तर रविवारी, चौथ्या माळेला, आम्ही फुकेट टाउनच्या जुन्या गावात गेलो. दर रविवारी संध्याकाळी थलांग रोडवर गाड्या बंद करून बाजार भरतो. पण आमचा जास्त वेळ गेला तो रानोंग रोडवरच्या जुई तुई या चिनी देवळापाशी, तिथं दोन्ही बाजूंना 'जे' खाण्याच्या गाड्या, सगळे लोक पांढऱ्या कपड्यात, उदबत्तीचा धूर, आणि तळणीचा वास, काय सांगू! तळलेली अळकुडीची भजी, टोफू, परतलेल्या पिवळ्या नूडल्स, पातोंगो म्हणजे तळलेल्या पिठाच्या फुगीर जोड्या, त्या सोयादुधात बुडवून खायच्या. शेवटी ओ-एव, ही फुकेटचीच गोष्ट, एका बियांपासून केलेली जेली, वर किसलेला बर्फ नि लाल सरबत. आईने दोनदा घेतलं. एका म्हाताऱ्या बाईंनी तिला भजी वाढताना हातानेच खूण केली, पोटावर हात फिरवून, पुरेसं झालं का म्हणून. भाषा एकीची दुसरीला येत नाही पण पाच मिनिटं दोघी बोलत होत्या.

उत्सवातल्या सकाळच्या मिरवणुकीत गालातून सळया आरपार घातलेले भक्त असतात, ते बघवत नसेल तर जाऊ नका, लहान मुलांना तर नकोच.

उत्सव नसताना व्हेज खायचं असेल तरी 'किन जे' हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मी 'जे' खातो. नुसतं व्हेज म्हटलं तर फिश सॉस येऊ शकतो. आणि मासे खाणाऱ्यांनो, तुम्ही रावायला जा, बेटाच्या दक्षिण टोकाला. समोर मासळीच्या दुकानातून मासा स्वतः निवडून घ्यायचा नि पलीकडच्या हॉटेलात किलोवर पैसे देऊन शिजवून घ्यायचा. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला तिथून उठवणं कठीण.

आता बांगला रोड. गेलो आम्ही, नवरा आणि मी, आई झोपल्यावर. संध्याकाळनंतर तिथं गाड्या बंद, साधारण चारशे मीटरचा रस्ता आणि दोन्हीकडून कानठळ्या बसवणारं म्युझिक, 2023 च्या डिसेंबरपासून फुकेटमधले बार पहाटे चारपर्यंत चालू ठेवता येतात. तिथं प्रत्येक ड्रिंकची चिठ्ठी तुमच्यासमोरच्या छोट्या कपात खोचतात, ती दर वेळी बघा. आम्ही एका बारमध्ये नाही बघितली, नि न मागितलेल्या दोन ग्लासांचे पैसे भरावे लागले, वाईट वाटलं. शोची कार्डं दाखवत मागे लागतात त्यांच्यामागे जाऊ नका. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर अजिबात नको, थायलंडमध्ये त्याला बंदी आहे. आणि जुन्या गावातून पातोंगला येणाऱ्या निळ्या बसेस संध्याकाळीच बंद होतात, मध्ये घाट आहे, त्यामुळे परतीची टॅक्सी ॲपवर भाडं बघूनच करा. एक बाट तेव्हा साधारण अडीच रुपयांना पडत होता.

तासाभरात आम्ही परत आलो. मला त्या रस्त्यावर बरं वाटलं नाही, नवऱ्याला मजा आली, ज्याचं त्याचं.

एक मात्र सांगते, तारखा बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. 2025 ला चिनी कॅलेंडरमध्ये अधिक महिना आला, आपल्याकडे नाही, त्यामुळे आपलं नवरात्र सप्टेंबरात बसलं आणि त्यांचा उत्सव पार ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला. आणि पावसाचे दिवस असतात, छत्री घ्या. ठेपले आम्ही परत आणले.