मामांची पेटी आणि न ओळखू येणारी हत्यारं
(नाशिकमधील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासमोर उभं राहून वर बघा. ते कोरीव सागवानी काम ज्या हातांनी केलं, तसे हात या गावात पिढ्यान् पिढ्या होते. आता त्या सुतारांच्या हत्यारांच्या पेट्या आपल्या माळ्यांवर पडून आहेत. माझ्याकडे मामांची आली. करवत, हातोडा, रंधा कुणीही ओळखतो. अडचण होते ती उरलेल्या वस्तूंची, आणि भंगारात सगळ्यात आधी त्याच जातात.

माझी पहिली कळकळीची विनंती: हत्यार ओळखायच्या आधी घासू नका. गंजाखाली कारखान्याचा ठसा असतो, मालकाची आद्याक्षरं असतात. पॉलिश पेपर फिरला की ती कायमची गेली. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, थोडं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा.

मग धार आणि झीज बघा. पटाशीसारखं, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीसारखं दिसतं, पण पातं अरुंद आणि चांगलं जाड आहे? ते किंकरे. त्यानं चौकटीत खाच पाडायची. मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोड्याचे, घाव सोसायचे आणि आतला ढलपा उचकटून काढायचा, म्हणून त्याला ती जाडी. उलट पातं लांब, पातळ आणि मुठीचा माथा गुळगुळीत असेल, तर ते ठोकायचं हत्यारच नव्हे. हाताच्या दाबानं अलगद तासायचं. मुठीचा माथा चेपलाय की नाही, एवढ्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

करवतीचे दात बोटानं चाचपा. टोकं मुठीकडे वळलेली असतील तर ती ओढताना कापते. आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून धरून काम करायचा. त्या बैठकीला ओढीची करवत सोयीची. टोकं पुढे असतील तर ती विलायती पद्धतीची, ढकलून कापणारी. दात सरळ घासून छोट्या पटाशांसारखे केले असतील तर करवत लाकूड उभं चिरण्याची. तिरपे, सुरीसारखे केले असतील तर आडवं कापण्याची.

आता फसवणाऱ्या वस्तू. पोस्टकार्डाएवढा पोलादी पत्रा, ना मूठ ना भोक. लोक फेकून देतात. त्याच्या कडेवरून बोट जपून फिरवा. बारीक वळलेली धार लागेल. रंध्यानं जिथे लाकडाच्या रेषा उचकटतात, तिथे शेवटचा हात या पत्र्याचा. दुसरी, पकडीसारखी पण तोंडात छोटा खिळा पुढे सरकणारी वस्तू. ती करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे फाकवते, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही. आणि पेटीत धनुकलीसारखी काठी आणि दोरी असेल तर लाकडी दांडीचा सामता, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, शोधाच. दोरी दांडीला गुंडाळून धनुकली पुढे-मागे ओढली की टोक भोक पाडतं. या वस्तू पेटीत वेगवेगळ्या होऊन पडतात, म्हणून कुणाला त्यांची जोडी लागत नाही.

ठशांबद्दल सावध राहा. पात्यावर 'कास्ट स्टील' वाचून लोक ते कंपनीचं नाव समजतात. ती पोलादाची जात आहे. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समननं इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, तिचा वारसा. करवतीच्या मुठीतल्या पितळी बिल्ल्यावरचं 'वॉरंटेड सुपीरियर' हेही निर्मात्याचं नाव नव्हे. अनेक कारखाने तोच बिल्ला लावत. 'डिस्टन' असेल तर मात्र अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा कारखाना. हेन्री डिस्टननं तो १८४० मध्ये काढला, म्हणजे आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं त्याच साली. लाकडी रंध्याच्या समोरच्या टोकावर बघा. तिथे दोन-तीन नावं एकाखाली एक ठोकलेली असतील, तर बहुधा एक करणाऱ्याचं आणि बाकीची वापरणाऱ्यांची.

माझा सगळ्यात जीव आहे तो नक्षीच्या रंध्यांवर. अरुंद, उंच, आणि तळ सपाट नाही. कुठे गोल, कुठे नागमोडी. तळाचा आकार टोकाकडून कागदावर गिरवून घ्या. लाकडावर उमटते ती नक्षी याच्या नेमकी उलटी: इथे फुगवटा, तिथे खोलगट. तो कागद खिशात ठेवून आपल्याच घराची दारं, चौकटी, जुनी कपाटं बघत फिरा. मामांच्या एका रंध्याची रेघ मला आजोळच्या देवघराच्या चौकटीला तंतोतंत जुळलेली सापडली. ती चौकट खालून कुजत आली होती. बाजारात तशी पट्टी तयार मिळत नाही. पात्याला धार लावली, नवं सागवान घेतलं, आणि पंचवटीतल्या एका वयस्क सुतारकाकांनी त्याच रंध्यानं तुटकी रेघ पुढे ओढून दिली.