समुद्रसपाटीपासून २१४ मीटर

[दृश्य : पहाट. चांगदेवचा संगम. पाण्यावर धुकं. एक होडी किनाऱ्याला लागलेली.]

पलीकडचा काठ दिसत नाही. धुकं उठेपर्यंत दिसणारही नाही. पाण्याचा वास येतो, ओल्या गाळाचा येतो, आणि होडीच्या बुडाला लाटा हळूहळू थापट्या मारत असतात. कोकणातल्या एखाद्या खाडीवर उभं असल्यासारखं वाटतं.

पण हा खान्देश आहे. तापी समुद्राला मिळते ती गुजरातेत, सुरतच्या खाली, खंभातच्या आखातात. ती जागा इथून शेकडो किलोमीटर लांब. समोरचं पाणी आहे हतनूर धरणाचं, आणि ते कुठवर चढणार हे एका आकड्यानं ठरलेलं आहे. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर. समुद्र कधीच न पाहिलेल्या गावाचा किनारा असा समुद्रापासून मोजलेला आहे.

[दृश्य : धुकं विरतं. वरून मुक्ताईनगर, महामार्ग, केळीचे मळे, त्यांच्या कडेनं पाणी.]

गावाचं नाव मुक्ताईनगर. म्हातारी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेली ही छोटी नगरपंचायत. पूर्वेला मलकापूर लागलं की विदर्भ सुरू, उत्तरेला बऱ्हाणपूरकडे निघालं की मध्य प्रदेश. सुरतहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग गावातून जातो. ट्रकवाले इथं चहा पितात आणि निघून जातात. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर, चांगदेव गावापाशी, तापी आणि पूर्णा या दोन मोठ्या नद्या एकमेकींना भेटतात, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर पूर्णेवरचा पूल आहे, खामखेड्याचा. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी त्यावर थोडा वेळ थांबावं. उत्तरेला सातपुडा, निळसर, सलग भिंतीसारखा. दक्षिणेला, बराच लांब, अजिंठ्याचे डोंगर. मधली सगळी जमीन ताटासारखी सपाट. या सपाटीचं कारण कळलं की बाकीचा भूगोल आपोआप उलगडतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या पाषाणाला पुढे लांबच लांब भेगा पडल्या, आणि दोन डोंगररांगांच्या मधला पट्टा खाली खचला. ही खचदरी. गोदावरी, कृष्णा पूर्वेकडे जातात. तापी मात्र या खचलेल्या पट्ट्यातून उलटी, पश्चिमेकडे वाहते. उत्तरेला नर्मदाही अशाच एका पट्ट्यातून जाते.

खचलेली जमीन रिकामी राहिली नाही. नद्यांनी ती भरली. लाखो वर्षं माती, वाळू, गोटे आणून टाकले. म्हणून इथं विहीर खणताना काळा पाषाण लवकर हाती लागत नाही. लागतो तो गाळ, त्याखाली वाळू, पुन्हा गाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलकडे, या भरावात मोठाले गोटे आणि भरड वाळू आहे. डोंगरातून धावत येणारे ओढे तिथं पोहोचले की जमिनीत जिरतात. तिथल्या एका नदीचं नावच सुकी. वरून कोरडी दिसते, पण तिचं पाणी गोट्यांमधून खोल उतरलेलं असतं. त्याच खोल पाण्यावर रावेर-यावलची केळी उभी आहे, आणि कूपनलिका वर्षागणिक आणखी खोल न्याव्या लागतात ते दुखणंही तिथलंच.

[दृश्य : तापीचा उभा, मातीचा काठ. त्यात घळी.]

आता तापीकडे पाहू. तिची लांबी ७२४ किलोमीटर. मुलताईला, बैतूल जिल्ह्यात, तिचा उगम सुमारे ७५० मीटर उंचीवर होतो. इथं येईपर्यंत तिनं पाचशे मीटरहून जास्त उतार संपवलेला असतो. पुढे उरतो तो दोनशेच्या आसपास, आणि वाट मात्र अजून निम्म्याहून जास्त बाकी असते. म्हणजे डोंगरातली धावपळ संपली, आता रमतगमत जायचं. नदी रमली की हातातलं ओझं खाली ठेवते. हे ओझं म्हणजे गाळ.

पूर्णा येते पूर्वेकडून. तिचाही उगम बैतूलच्या डोंगरात, पण तापीपासून फारकत घेऊन ती अमरावती, अकोला, बुलडाणा असा वऱ्हाड फिरून येते. वऱ्हाडची काळी माती आणि खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेला भाग, ओलांडून. म्हणून इथं कधीकधी आभाळ निरभ्र असतं, अंगणात धान्य वाळत असतं आणि पूर्णेला पाणी चढतं. अकोल्याकडे रात्री पाऊस झालेला असतो. काठावरच्या माणसाला आपल्या डोक्यावरच्या ढगापेक्षा दूरच्या ढगाची चौकशी जास्त करावी लागते.

पूर्णा नावाची आणखी एक नदी महाराष्ट्रात आहे, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते. अजिंठ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेकडे ओघळला, तर वाघूरसारख्या नदीतून तापीला, तापीतून अरबी समुद्राला. दक्षिणेकडे ओघळला, तर गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. दोन थेंब शेजारी पडतात आणि देशाच्या दोन टोकांना जातात.

[दृश्य : चांगदेव मंदिराचं दगडी कोरीवकाम. भाविक. घाट.]

संगमाच्या जागा आपल्याकडे रिकाम्या राहत नाहीत. इथं चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं. आणि इथल्याच तापीकाठी, शके १२१९ मध्ये, मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. दर वर्षी मुक्ताईची पालखी इथून पंढरपूरला निघते. या वाटेकडे मी भूगोल म्हणूनही पाहतो. सुरुवातीचे मुक्काम गाळाच्या सपाटीवर. मग मोताळ्याच्या पुढे राजूर घाट लागतो, आणि दिंडी खचदरीच्या तळातून बुलडाण्याच्या पठारावर चढते. पायांना ते नकाशाच्या आधी कळतं.

[दृश्य : हतनूर. उघडे दरवाजे. फेसाळ, गढूळ पाणी.]

हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झालं. त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात पुराचा जोर असेपर्यंत दरवाजे उघडून पाणी पुढे सोडतात, आणि पावसाळा सरताना धरण भरून घेतात. हे पाणी उजव्या कालव्यानं रावेर, यावल, चोपड्याच्या शिवारात जातं. भुसावळच्या रेल्वेला, दीपनगरच्या वीजकेंद्राला, वरणगावच्या आयुध निर्माणीला हेच पाणी. त्यासाठी काठावरची गावं उठली, वाडवडिलांचे ओटे, चावड्या पाण्याखाली गेल्या. तहान भागवणाऱ्या पाण्याच्या तळाशी कुणाचं तरी अंगण आहे, हे विसरता कामा नये असं मला मनापासून वाटतं.

आणि नदीची सवय धरणानं मोडलेली नाही. ओझं ठेवायची जागा फक्त बदलली. पूर्वी ती गाळ काठावर आणि पुढे समुद्रात टाकायची, आता बराचसा धरणातच टाकते. एका भोई आजोबांच्या होडीत बसून आम्ही संगमापासून थोडं आत गेलो. मधोमध आल्यावर त्यांनी हातातला बांबू सरळ पाण्यात उभा केला. तो अर्धाही बुडाला नाही.

"माझ्या बापाच्या वक्ताला इथं दोन बांबू लागत व्हते, भाऊ," ते म्हणाले. बांबू वर काढला तेव्हा त्याच्या टोकाला लोण्यासारखी मऊ, काळी माती होती. ती त्यांनी बोटानं निपटून पाण्यात सोडली.

[दृश्य : हिवाळा. पाण्यावर पक्ष्यांचे थवे.]

हिवाळ्यात या उथळ पाण्यावर पाहुणे येतात. चक्रवाक, लालसरी, कितीतरी जातींची बदकं. गाळामुळे उथळ झालेली कडा त्यांना चारा देते. इथले पक्षिमित्र वर्षानुवर्षं त्यांची मोजदाद करत आहेत.

[दृश्य : मार्च. मागे सरलेलं पाणी, भेगाळलेला गाळ.]

मार्च उजाडला की ऊन तापायला लागतं. मे महिन्यात या भागात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कालव्यानं पाणी जातं, उन्हानंही जातं, आणि काठ रोज थोडा आत सरकतो. मागे उरलेल्या ओल्या पट्ट्याला इथं गाळपेर जमीन म्हणतात. नांगरट फारशी नाही, खताची गरज कमी. पूर्णेनं वऱ्हाडातून आणि तापीनं सातपुड्यातून आणलेली माती तिथं ताजी पसरलेली असते. तिच्यात टरबूज, खरबूज, काकडी लावतात.

ते भोई आजोबा आता होडी उलटी टाकून गाळात उतरलेत. सोबत नातू. हातात सुतळी आणि बाभळीच्या खुंट्या. मागच्या वर्षीच्या खुंट्या शोधून झाल्या, एकही सापडली नाही. नव्या गाळाखाली गेल्या. आजोबा दूरच्या एका लिंबाच्या झाडाकडे पाहतात, मग चांगदेवच्या मंदिराकडे, दोन पावलं डावीकडे सरकतात आणि नातवाला म्हणतात, "हां, इथं ठोक."