लेथ, लीडस्क्रू आणि 'हो जाएगा शेठ'

मंडळी, विषय दिलाय 'जड यंत्रं हलवायला रिगिंगवाला कसा निवडावा'. वीस मिनिटं दिली होती, त्यातली चार माझी ओळख करून देण्यात गेली. तरी आधी माझ्या लेथची, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्राची, गोष्ट सांगतो. ती पोटात राहिली तर पुढचं काही सुचणार नाही.

परळचा गाळा सोडून आम्ही वसईला निघालो. लेथ तीन टनांचा, तळमजल्यावरच. तिघांना फोन केला. दोघं म्हणाले, आधी बघायला येतो. तिसरा म्हणाला, "हो जाएगा शेठ," आणि तेही निम्म्या पैशांत! माझे कान टवकारले. (हशा) हसताय काय, तुमचेही आत्ता टवकारले.

हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, आला, पण दारातून आत शिरेना. मग पहारी आणि पाइपचे रोलर. त्याला माझी हरकत नाही, गिरणगावात कितीतरी यंत्रं अशीच सरकली. दारापाशी आल्यावर मात्र पठ्ठ्याने उचलायचा पट्टा टाकला बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब पायाच्या, बरोबर मधोमध. आता लेथचं वजन हेडस्टॉकच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याच्या, बाजूला जास्त, हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, टेलस्टॉककडे, दुसऱ्या टोकाला सरकवायची, इंचभर उचलून तोल बघायचा, लीडस्क्रूला, म्हणजे आटे कापताना कॅरेज पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूला, पट्टा लागू द्यायचा नाही. याने लीडस्क्रूवरूनच घेतला. हेडस्टॉक खाली झुकला आणि लीडस्क्रू वाकला. मी बोंबललो, तर म्हणतो, "थोडा बेंड है शेठ, सीधा हो जाएगा." माझे आटे मात्र काही सरळ कापले गेले नाहीत. त्याच्या पैशांवरून भांडलो ती कथा वेगळी, तीही रंगतदार...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग भराभर.

जागा न बघता दर सांगणाऱ्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी यंत्राचा दर सांगितलाय असं समजा. बघायला आलेला माणूस दार मोजतो का, फरशीला वजन पेलेल का विचारतो का, ते बघा. 14 टनांचा हायड्रा 14 टन वाटेल तिथे उचलत नाही; बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांबवला की क्षमता उतरते, क्षमतेचा तक्ता मागा. पट्ट्याचा कोन विचारा. 10 टनांचं यंत्र दोन पट्ट्यांवर, पट्टे जमिनीशी 60 अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे 5.8 टन, 30 अंशांवर आणले तर प्रत्येकावर पुरे 10. फॅक्टरी कायदा 1948, कलम 29 (2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली): उचलायची साधनं, साखळ्या, दोर बारा महिन्यांतून निदान एकदा तपासलेले लागायचे, दाखला आजही बघायला मागा. विमा उचलण्यापासून नव्या जागी बसवेपर्यंतचा आहे, की फक्त रस्त्यातला, ते लेखी घ्या.

हो हो, उठतोच. तो लीडस्क्रू आणलाय, बाहेर चपलांशेजारी ठेवलाय. बघून सरळच वाटेल. चहा घेताना फरशीवर लोळवून बघा.